आपल्या गाडीचा आपला बिल्ला: कागदापासून बॉनेटपर्यंत

स्पोर्ट्स कारला स्वतःचा बिल्ला बसवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कॉम्प्युटर उघडतात. दोन पंख, मध्ये ढाल, ढालीत सिंह, खाली कमानीत नाव. पडद्यावर वीतभर दिसणारं ते चित्र सत्तर मिलिमीटरवर आलं की पिसं एकमेकांत मिसळतात, सिंहाची मांजर होते, आणि सपाट पाठीचा बिल्ला गोलाईच्या बॉनेटवर मध्ये टेकून कडांनी उचललेला राहतो. म्हणून काम उलटं करायचं: आधी गाडीवरची जागा, मग धातू, आणि सगळ्यात शेवटी चित्र.

जागा ठरवणं आणि मोजणं

दोन जागा आधीच बाद करा. स्टिअरिंगच्या मधोमध, एअरबॅगच्या झाकणावर, काहीही चिकटवू किंवा बसवू नका. एअरबॅग फुटली की तो धातूचा तुकडा थेट तोंडावर येतो. दुसरी जागा म्हणजे नव्या गाड्यांच्या जाळीतला मोठा लोगो. समोरच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार अनेक मॉडेलांत त्याच लोगोच्या मागे असतो, आणि पितळ, अॅल्युमिनियम किंवा क्रोम त्याच्या लहरी अडवतं. तुमच्या गाडीत अॅडॅप्टिव्ह क्रूझ (समोरच्या गाडीप्रमाणे आपोआप वेग राखणारी सोय) किंवा आपोआप ब्रेक लागण्याची सोय असेल, तर रडार नेमका कुठे आहे हे आधी शोधा. जाळीमागेच असला तर बिल्ला बॉनेटवर न्या.

बॉनेटवर कंपनीच्या लोगोसाठी खोलगट जागा असेल तर व्हर्नियरने (मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या मोजपट्टीने) तिचा व्यास, खोली आणि मागच्या पिनांच्या भोकांमधलं अंतर मोजा. तुमचा बिल्ला त्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान हवा. अगदी मापात केलात तर प्लेटिंगचा, म्हणजे विजेने चढवलेल्या निकेल-क्रोमचा, थर चढल्यावर तो आत बसणार नाही, आणि ठोकून बसवलात तर रंगाचा टवका उडेल.

आता गोलाई. हे मोजमाप सगळे वगळतात आणि पुढे तेच नडतं. बिल्ल्याच्या व्यासाएवढी, समजा ७० मिमी लांब, स्टीलची सरळ पट्टी कापून घ्या. ती बॉनेटवर अशी धरा की मध्ये टेकेल आणि दोन्ही टोकांखाली सारखी फट राहील. ती फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. लांबीचा वर्ग भागिले फटीची आठपट, अधिक फटीचं अर्ध, ही झाली वळणाची त्रिज्या. फट १.५ मिमी आली तर ४९०० भागिले १२ म्हणजे ४०८, त्यात पाऊण मिळवा: साधारण ४०९ मिमी. हे माप आडवं आणि उभं असं दोनदा घ्यायचं, कारण बॉनेटचं नाक दोन्ही दिशांना सारखं वळलेलं क्वचितच असतं. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर बिल्ला चिकटवायची फोमची टेप ती पोटात घेते. त्याहून जास्त असेल तर बिल्ल्याची पाठच त्या वळणाची करावी लागते.

आकार ठरवायला पुठ्ठा पुरतो. ६०, ७० आणि ८० मिमीच्या तीन चकत्या कापा, मास्किंग टेपने एकेक लावून पाच पावलं मागे जा आणि फोटो काढा. कंपनीच्या मूळ लोगोपेक्षा बरीच मोठी चकती जवळून रुबाबदार वाटते, पण फोटोत ती झाकणासारखी दिसते.

चित्र कुठून आणायचं

नावाजलेले बिल्ले हवेतून आलेले नाहीत. फेरारीचा उधळलेला घोडा पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावर होता. १९२३ मध्ये त्याच्या आईने तो एन्झो फेरारींना वापरायला सुचवला, आणि मागचा पिवळा रंग मोडेना शहराचा आहे. पोर्शच्या ढालीच्या मध्यभागी श्टुटगार्टचा घोडा आहे, तर सांबरशिंगं आणि लाल-काळे पट्टे वुर्टेम्बर्गचे. लॅम्बोर्गिनीचा बैल आला तो फेरुच्चो लॅम्बोर्गिनींच्या वृषभ राशीवरून. प्रत्येकात एक गाव, एक माणूस किंवा एक गोष्ट आहे, आणि ती एकाच आकृतीत मावते.

आपल्याकडे अशा आकृत्यांचा तोटा नाही. शेकरूची शेपूट, किल्ल्याच्या बुरुजाचा अर्धगोल, मोडी लिपीतलं हात न उचलता काढलेलं एक अक्षर, ताम्हणाचं फूल, राधानगरीचा गवा. पुढची सगळी मापं समजायला सोपी जावीत म्हणून गवाच धरू: समोरून दिसणारं तोंड, वर वळलेली दोन शिंगं, बाहेर गोल कडा. अख्खा धावता गवा काढलात तर तो लॅम्बोर्गिनीच्या बैलाचा चुलतभाऊ वाटेल. नुसतं तोंड काढलं तर तो गवाच राहतो.

इथेच कायद्याचंही बघून घ्या. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या सूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, त्यामुळे विनापरवाना त्यांचा व्यापारी वापर किंवा ट्रेडमार्क करता येत नाही. चार सिंहांच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, ती गाडीवर नकोच. दुसऱ्या कंपनीचं चिन्ह थोडं वळवून, रंग बदलून बनवून विकणं ट्रेड मार्क्स अॅक्ट १९९९ खाली अडकतं. म्हणूनच चांगले कारागीर घोड्याची शेपूट बदललेली फाइल परत पाठवतात. तुमच्या ग्रुपला पुढे असे बिल्ले विकायचे असतील तर वाहनांसाठीच्या वर्ग १२ मध्ये नोंदणी करता येते. ती दहा वर्षं चालते आणि मग नूतनीकरण करावं लागतं.

मागे दिवे लावून बिल्ला उजळवायची हौस असेल तर लाल रंग विसरा. गाडीच्या पुढच्या बाजूला लाल दिवा नियमात बसत नाही.

फाइल तयार करणं

इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला भरपूर आहे. सुरुवात नुसत्या काळ्या-पांढऱ्यात करा. काळ्या-पांढऱ्यात जे ओळखू येत नाही ते रंग भरून ओळखू येत नाही. ७० मिमीच्या बिल्ल्यासाठी ही बंधनं पाळा:

- ओतकामासाठी कोणतीही उठावाची रेघ ०.८ मिमीपेक्षा बारीक नको आणि दोन रेघांमधली फटही तेवढीच हवी.
- सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरण्याच्या यंत्रावर) १ मिमी व्यासाचं कटर चालणार असेल तर आतला प्रत्येक कोपरा निदान अर्ध्या मिलिमीटरच्या त्रिज्येने गोल होणारच. तो आधीच गोल काढा, म्हणजे निकाल पाहून धक्का बसणार नाही.
- शिंगांची टोकं अणकुचीदार नकोत, अर्धा मिमी गोलाई द्या. कारण प्लेटिंगच्या भागात येईल.
- रंग भरायच्या खाचांची खोली ०.६ ते ०.८ मिमी.

देवनागरी अक्षर घेणार असाल तर शिरोरेषेचा फायदा उठवा, तिचीच वरची कड होऊ शकते. मात्र ज्या अक्षराच्या पोटातली पोकळी लहान आहे, उदाहरणार्थ ‘क्ष’ किंवा ‘श्र’, ते या मापात बुजतं. ‘ग’, ‘र’, ‘प’ सुटसुटीत येतात. आणि फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर करा. ते विसरलात तर वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते, आणि मराठी न वाचणारा ऑपरेटर ते तसंच कोरून देतो. चूक त्याची नसते.

मग कागदावर खऱ्या मापात छापा. प्रिंटरमधलं ‘पानात बसवा’ बंद करा आणि छापलेलं वर्तुळ व्हर्नियरने तपासा. ते ७० ऐवजी ६७ आलं तर पुढचं सगळं चुकेल. हा कागद गाडीवर लावून डोळे किलकिले करून बघा. गवा दिसला तर पुढे जा, डाग दिसला तर रेघा कमी करा.

आता जाडी. ऑटोडेस्क फ्यूजन किंवा तसल्या कुठल्याही थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंकस्केपची एसव्हीजी फाइल आणून कडेला ४ मिमी जाडी द्या. पाठीला मोजलेली ४०९ मिमीची त्रिज्या दिली की मध्ये अडीच मिमी उरतात. पाठीत कडेपासून दीड मिमी सोडून ०.८ मिमी खोल खाच घ्या, टेप त्यात बसेल. टेप १.१ मिमी जाड असते, म्हणजे बिल्ल्याची कड रंगापासून ०.३ मिमी वर राहते. एवढ्या फटीतून पाणी निघून जातं, धातू रंगाला घासत नाही आणि टेपही दिसत नाही. आता हिशेब करा: मध्ये अडीच, त्यातून ०.८ मागून, ०.७ पुढून रंगाच्या खाचेला. उरला १ मिमी धातू. याच्या खाली जाऊ नका. पाठ वळणदार असली तरी रंगाच्या खाचेचा तळ सपाट ठेवा, नाहीतर ओला रंग उताराकडे जमा होतो.

कशाचा बनवायचा

७० मिमी व्यासाची ४ मिमी जाड भरीव चकती पितळेत साधारण १३० ग्रॅम भरते, अॅल्युमिनियममध्ये ४० च्या आसपास, एबीएस प्लास्टिकमध्ये १६. हातात घेतल्यावर पितळेचं वजन भुरळ घालतं खरं.

एकच बिल्ला हवा असेल तर साच्यात दाबून केलेलं प्लास्टिक किंवा जस्ताचं डायकास्टिंग विसरून जा, साच्याचा खर्च शेकडो नगांवर वाटला तरच परवडतो. उरतात तीन वाटा. पहिली, थ्रीडी प्रिंट करून रंगवणं. यात पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट त्याच्या वर सहज जातं. एएसए प्लास्टिक वापरा, ते ऊन आणि उष्णता दोन्ही सोसतं. दुसरी, अॅल्युमिनियमवर सीएनसी आणि वर अॅनोडायझिंग (विजेने आणलेला टणक ऑक्साइडचा थर). पुण्यात भोसरी-चाकणच्या बाजूला असं जॉबवर्क करणारे मिळतात. कडा रेखीव येतात, वजन कमी, आणि सरळ रेषांच्या भूमितीय चित्राला हीच वाट योग्य. तिसरी, मेणाच्या किंवा रेझिनच्या प्रतीवरून पितळेचं ओतकाम: प्रतीभोवती साचा करायचा, प्रत तापवून काढून टाकायची आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. ज्यांच्याकडे दागिन्यांचं कास्टिंग होतं तेच हे काम नीट करतात, मोठी फाउंड्री नव्हे. गव्याच्या तोंडासारख्या उठावाच्या चित्राला पितळच हवं. पुढचं त्याबद्दल.

ओतकाम ते बफिंग

आधी साध्या पीएलएमध्ये एक नमुना छापून बॉनेटवर ठेवून बघा. तो डुगडुगला तर त्रिज्या चुकली आहे. नमुना पक्का झाल्यावर ओतकामाच्या रेझिनमध्ये मूळ प्रत छापायची. पितळ गार होताना दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणून प्रत तेवढी मोठी हवी. ७० मिमीसाठी ७१.२ च्या आसपास. नेमका आकडा ओतणाऱ्याला विचारा, आणि वाढ तुम्ही देणार की तो, हेही स्पष्ट ठरवा. दोघांनीही दिली तर बिल्ला बॉनेटच्या खोलगट जागेत बसत नाही.

ओतून आल्यावर पितळ आत जाण्याच्या नळीचा खुंट कापून कानशीने सपाट करायचा. मग पॉलिश पेपर: ३२०, ६००, १०००, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवं घासत. शेवटी बफिंग. बफच्या चाकावर हात सैल पडला की उठावाच्या कडा गोल होतात आणि चित्र विरघळल्यासारखं दिसतं. गव्याच्या डोळ्यांच्या कडा हमखास जातात. तेवढा भाग हातानेच घासा. प्रत ०.१ ते ०.२ मिमी जास्त जाड ठेवली असेल तर या घासकामाला जागा मिळते.

प्लेटिंग

बफिंगचं मेण खाचांत राहिलं की प्लेटिंग तिथून पापुद्र्यासारखं सुटतं. गरम साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा आणि भिंगाखाली बघा.

प्लेटिंगमध्ये विजेचा प्रवाह टोकांकडे आणि कडांकडे जास्त ओढला जातो, खाचांत कमी पोचतो. म्हणून अणकुचीदार शिंगाच्या टोकावर थर खडबडीत, करपल्यासारखा चढतो, आणि खोल खाचेत पातळ पडतो. टोकं गोल करायला सांगितलं ते याचसाठी. खाचेतल्या पातळ थराची काळजी नको, तिथे रंग येणार आहे.

क्रोमचा थर इतका पातळ असतो की तो ओरखडा झाकत नाही, उलट उजळून दाखवतो. खरी चमक आणि संरक्षण खालच्या निकेलचं. घाईत क्रोम वगळून नुसतं निकेल दिलं तर काही महिन्यांत पिवळट झाक येते. तेव्हा देताना ‘निकेल आणि वर क्रोम’ असं लिहूनच द्या. उघडं पितळ ठेवायचं असेल तर त्यावर लॅकर हवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते काळवंडतं.

रंग

क्रम महत्त्वाचा: आधी प्लेटिंग, मग रंग. क्रोमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही, म्हणून खाचेचा तळ ६०० च्या पेपरच्या छोट्या तुकड्याने, टूथपिकच्या टोकाला गुंडाळून, खरबरीत करा. उठावाच्या कडांना हात लागू देऊ नका.

गॅरेजमध्ये मिळणारा, हार्डनर मिसळून वापरायचा टू-के रंग सगळ्यात चांगला, गाडीच्या रंगाशी हवा तसा जुळवूनही मिळतो. १ मिलिच्या इन्शुलिन सिरिंजमध्ये भरून खाचेच्या मध्यात थेंब सोडा, तो आपण होऊन कडेपर्यंत पसरतो. एका दमात खाच भरायची नाही. वर साय धरते, आत थिनर अडकतो आणि दोन दिवसांनी सुरकुती पडते. दोन किंवा तीन पातळ हात द्या. कडेवर सांडलेला रंग लगेच पुसा, वाळल्यावर तो खरवडताना क्रोमही जातं.

दागिन्यांसारखा काचेचा खरा मीना हवा असेल तर पितळ चालत नाही. तो ७५० ते ८५० अंशांत वितळवावा लागतो आणि पितळेतलं जस्त त्याला त्रास देतं. त्यासाठी तांब्याचा किंवा चांदीचाच बिल्ला करावा लागतो. महाग, पण त्याची खोली दुसऱ्या कशाला येत नाही.

वर पारदर्शक घुमट ओतायचा की नाही, हे आवडीवर आहे. आमच्या मते गव्यासारख्या उठावाच्या चित्रावर तो नकोच, सपाट चित्रावर शोभतो. ओतायचाच तर ऊन सोसणारं पॉलीयुरेथेन रेझिन घ्या, साधं एपॉक्सी वर्षभरात पिवळं पडतं. ६४ मिमीच्या मधल्या भागावर १.५ मिमी जाडीसाठी सुमारे ५ मिलि लागतं. दोन घटक वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नाही. पॉलीयुरेथेनला हवेतला ओलावा चालत नाही, बारीक बुडबुड्यांचा फेस होतो. जुलैत कोकणात किंवा मुंबईत हे काम एसीच्या खोलीतच करा, किंवा दिवाळीपर्यंत थांबा. टेबल लेव्हलमध्ये हवं आणि वर डबा उपडा घाला. बाहेरची कड धारदार असेल तरच रेझिन तिच्यावर अडतं, गोल कडेवरून ते ओघळतं.

जुना लोगो काढणं

हेअर ड्रायरने लोगो हाताला चटका बसेल इतपत गरम करा. मग मासे पकडायची नायलॉनची दोरी त्याच्या मागे घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. उरलेला फोम अंगठ्याने रगडून गोळा करा आणि शेवटचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. थिनर लावू नका, पुन्हा रंगवलेलं बॉनेट असेल तर तो रंगच उचलतो. जुन्या लोगोची फिकट सावली उरते, कारण त्याच्याखालच्या रंगाला ऊन लागलेलं नसतं. पॉलिशने ती कमी होते, पूर्ण जात नाही. नवा बिल्ला तिच्यापेक्षा लहान असेल तर ती दिसत राहणार, हे चकत्या कापतानाच लक्षात घ्यायचं असतं.

चिकटवणं

थ्रीएम व्हीएचबी ५९५२ किंवा त्याच जातीची १.१ मिमीची अॅक्रिलिक फोम टेप. स्टेशनरीच्या दुकानातली दोन्ही बाजूंनी चिकटणारी स्पंजची टेप दिसायला तशीच असते, पण पहिल्या उन्हाळ्यात बिल्ला घसरतो.

बॉनेट नुकतंच रंगवलं असेल तर तीन-चार आठवडे थांबा. रंगातून थिनर बाहेर पडत असतो आणि तो टेपखाली अडकतो. सिरॅमिक कोटिंग किंवा वॅक्सवर टेप धरत नाही, तेवढ्या जागेवरून ते पॉलिशने उतरवा. जाळीचं खरबरीत काळं प्लास्टिक असेल तर आधी थ्रीएमचा प्रायमर ९४ लावावा लागतो.

जागा पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समसमान मिसळून पुसा, दर वेळी कापडाची नवी घडी. पृष्ठभाग २१ ते ३८ अंशांत हवा, म्हणजे सावलीत आणि सकाळी. मधली रेघ बॉनेटच्या दोन्ही कडांपासून मोजून मास्किंग टेपवर आखा. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, बॉनेटवरच्या रेषा वळलेल्या असतात आणि त्या फसवतात. पाठीला टेप लावलेला बिल्ला टेपचा कागद न काढता जागेवर धरा, वरच्या कडेला मास्किंग टेपची बिजागरी करा, दारासारखा उचला, कागद सोला आणि खाली टेकवा. ही टेप एकदा टेकली की सरकत नाही.

दाबाचं गणित बऱ्याच जणांना पटत नाही: या मापाच्या टेपला नीट बसायला एकूण ३५ ते ४० किलोचा दाब लागतो. अख्ख्या बिल्ल्यावर एकदम तेवढा देऊ नका, बॉनेटचा पत्रा पोचेल. मऊ कापड ठेवून अंगठ्याने इंच-इंच दाबत फिरा, प्रत्येक जागी १५ सेकंद. २० मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्के, पूर्ण ७२ तासांनी. तोवर गाडी धुवायची नाही, आणि नंतरही प्रेशर वॉशरची धार कडेवर तिरपी मारायची नाही.

चोरीची भीती असेल तर ओतकामातच मागे ३ मिमी व्यासाचे, आटे असलेले (एम३) दोन खुंट घ्या आणि शक्यतो कंपनीच्या जुन्याच भोकांतून आतल्या बाजूने नायलॉन नट लावा. नवी भोकं पाडलीच तर त्यांच्या कडांना प्रायमर आणि रंग लावून रबरी वॉशर घाला. उघडा पत्रा तिथूनच गंजायला लागतो आणि गंज रंगाखालून पसरत बिल्ल्याच्या बाहेर येईपर्यंत दिसत नाही.

ओतकाम करतानाच दोन नग ओता. दुसरा प्लेटिंगसकट, पण रंग न भरता, कागदात गुंडाळून ठेवा. एक-दोन वर्षांनी पहिल्यावर दगड बसला आणि नवा करायला गेलात, तर डिकीवरही असाच बिल्ला लावला असल्यास नव्या प्लेटिंगचा रंग त्या जुन्या बिल्ल्याशी जुळत नाही.